व्याह्यांशी मरियामातेवरून वाद घालायची रीत

आम्ही वसईचे कॅथलिक. लेक दिली नगरला, सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) घरात. व्याह्यांचे वडील पाळक होते, म्हणजे पवित्र शास्त्र त्या घरात गोष्टीच्या पुस्तकासारखं नाही, कायद्याच्या पुस्तकासारखं वाचलं जातं. मी आयुष्यभर आमच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण शिकवत आले. असे दोघं एका जेवणाच्या टेबलावर आल्यावर मरियामातेचा विषय निघणारच होता, आणि तो साखरपुड्यालाच निघाला. तेव्हापासून आम्ही भांडतोय आणि अजून एकमेकांच्या घरी जेवतोय. आता मिश्र लग्न ठरलं की आमच्या गावातली पोरं माझ्याकडे येतात: “टीचर, सासरे म्हणतात मरीया पापीच होती. काय बोलू?” त्यांना जे सांगते ते इथे लिहून ठेवते. मी कॅथलिक आहे, तेव्हा माझा कल कुठे आहे ते तुम्हाला दिसेलच. तो लपवायचा माझा विचारही नाही.

आधी वाद नक्की कशावर आहे ते ठरवा

निम्मी भांडणं इथेच मिटतात, म्हणून या पायरीला घाई करू नका. समोरच्याला सरळ विचारा, “निष्कलंक गर्भसंभव म्हणजे कोणाचा गर्भसंभव?” दहातले बरेच जण, आणि त्यांत आपले कॅथलिकही आले, म्हणतील, येशूचा. तसं नाही. येशू कुमारीच्या पोटी, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने आला, ही गोष्ट वेगळी. ती कॅथलिकही मानतात आणि प्रोटेस्टंटही. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, दोघंही तेच म्हणतात. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे मरीया स्वतः तिच्या आईच्या पोटात राहिली तो क्षण. तिला आईबाप होते आणि ती चारचौघींसारखीच जन्मली. परंपरेने त्यांची नावं अन्ना आणि योआकीम सांगितली आहेत. ती बायबलमधली नाहीत, दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातून आली आहेत, हे आपणहून सांगून टाका. नाहीतर व्याही सांगतील.

हे मुलांच्या डोक्यात बसावं म्हणून मी कॅलेंडर उघडते. 25 मार्चला देवदूताचा निरोप, 25 डिसेंबरला नाताळ. मधे नऊ महिने, ते येशूचे. 8 डिसेंबरला निष्कलंक गर्भसंभवाचा सण, 8 सप्टेंबरला मरियामातेचा जन्म. हे नऊ महिने मरीयेचे. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा, वेलंकणीचा सण, आणि व्याह्यांच्याच जिल्ह्यातली हरेगावची मतमाउलीची यात्रा, हे सगळं सप्टेंबरात का येतं ते असं एका बोटावर कळतं.

यानंतर बाकीचे विषय बाजूला काढा. मरीया शेवटपर्यंत कुमारी राहिली का, येशूचे ‘भाऊ’ म्हणजे कोण, ती देहासकट स्वर्गात गेली का, तिच्याकडे प्रार्थना करावी का, पुतळ्यापुढे मेणबत्ती लावावी का. यातला प्रत्येक वाद खरा आहे, पण आजचा नाही. स्वर्गात उचलली गेल्याचं तत्त्व तर पोप बारावे पायस यांनी 1950 मध्ये जाहीर केलं, त्याचा हिशोब निराळा. आमचे व्याही हरायला लागले की पुतळ्यांवर येतात. मी हरायला लागले की प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या लग्नावर जाते. दोघांनाही हे ठाऊक आहे, त्यामुळे आता घरात कोणीतरी ओरडतं, “विषय! विषय!”

उरतात दोन प्रश्न. मरीयेला मूळपाप, म्हणजे आदामापासून माणसाला जन्मतःच येणारं पाप, लागलं होतं का? आणि जगताना तिने स्वतः कधी पाप केलं का? हे दोन वेगळे ठेवा. मध्ययुगात असे बरेच थोर लोक होते जे दुसऱ्याला ‘नाही’ म्हणायचे पण पहिल्याला ‘हो’.

समोरच्याची बाजू त्याच्या तोंडून निघावी तशी मांडा

नियम साधा आहे. तुम्ही त्याची बाजू सांगायची आणि त्याने “हो, हेच मला म्हणायचंय” असं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधी तुम्ही, मग तो.

प्रोटेस्टंट बाजू मी अशी सांगते: मरीया धन्य आहे, सगळ्या पिढ्या तिला धन्य म्हणतील असं शास्त्रातच आहे. देवाने तिला निवडलं ती तिच्या लायकीवर नाही, कृपेने. पण निष्पाप एकच, प्रभू येशू. तिला त्या ओळीत बसवलं की ख्रिस्ताचं वेगळेपण पातळ होतं आणि तारणाऱ्याची गरज नसलेलं एक माणूस तयार होतं. आणि मुख्य म्हणजे शास्त्रात नसलेली गोष्ट तारणासाठी मानायला लावायचा हक्क कोणालाच नाही. इंग्लंडच्या चर्चच्या 39 कलमांतल्या पंधराव्या कलमाचं शीर्षकच आहे की पापरहित फक्त ख्रिस्त. सी.एन.आय.मध्ये 1970 साली जी मंडळी एकत्र आली त्यांत हे अँग्लिकन होते, तसे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलेही होते, बॅप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. तेव्हा ‘तुम्ही प्रोटेस्टंट असं मानता’ असं एका दमात म्हणू नका. कोणत्या घराण्याचे ते विचारा. पेंटेकॉस्टल जावई आणि जुन्या अँग्लिकन वळणाची आजी मरीयेबद्दल एका सुरात बोलत नाहीत.

हे ऐकून व्याही म्हणाले होते, “विहीणबाई, आमच्या रविवारच्या उपासनेत एवढं स्पष्ट कोणी सांगत नाही.” मग त्यांची पाळी. त्यांनी सुरुवात केली, “तुमच्या मते मरीयेला तारणाची गरज नव्हती.” इथे हात वर करून थांबवा. ही कॅथलिक शिकवण नाही. पोप नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1854 रोजी जे जाहीर केलं त्यात साफ म्हटलंय की येशू ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे, देवाच्या खास कृपेने, तिला गर्भधारणेच्या पहिल्या क्षणापासून मूळपापाच्या डागापासून राखलं गेलं. राखलं गेलं, ती स्वतः राहिली नाही. म्हणजे तारण तिचंही झालं आणि ते क्रुसावरूनच झालं.

यासाठी जुना दाखला आहे तो वापरा, मला त्याहून बरा सापडलेला नाही. एकाला विहिरीत पडल्यावर वर काढलं, दुसरीला काठावरच हात धरून पडू दिलं नाही. वाचवलं दोघांनाही. व्याह्यांनी लगेच विचारलं, “मग देवाने सगळ्यांचाच हात का नाही धरला?” हा प्रश्न येणारच. त्यावर ‘ती देवाच्या पुत्राची आई होणार होती म्हणून’ एवढंच उत्तर आहे, आणि ते समोरच्याला पुरेल अशी आशा धरू नका.

वचनं काढा, पण कोणती काढायची ते जाणून

एकच बायबल वापरा, आणि ते समोरच्याचं असू द्या. आपल्या बायबलमध्ये सात पुस्तकं जास्त आहेत, त्यांचे 66 आणि आपली 73. या विषयात ती सात काही कामाला येत नाहीत, तेव्हा उगाच नवा फाटा फुटायला नको. व्याह्यांचं बायबल काळ्या कव्हरचं आहे, कडा बोटांनी काळवंडलेल्या, समासात शिसपेन्सिलीने तारखा. त्यातून आमचं मत निघालं तर त्याची किंमत वेगळी.

पहिलं वचन तेच काढतील: रोम 3:23, ‘सर्वांनी पाप केले आहे’. आपली नेहमीची फेक अशी असते की ‘सर्वांनी’मध्ये येशू येत नाही, तान्ही बाळंही येत नाहीत, म्हणजे अपवाद आहेत. हे खरं आहे, पण यावर फार ताणू नका, कारण उलट उत्तर दमदार आहे. येशूचा अपवाद शास्त्राने स्वतः सांगितलाय, इब्री 4:15 मध्ये सांगितलाय, 2 करिंथ 5:21 मध्ये सांगितलाय. मरीयेचा कुठे सांगितलाय? नाही सांगितलेला, उघड शब्दांत नाही. हे मान्य करा. कॅथलिक चर्चही असं म्हणत नाही की अमुक ओळीत हे तत्त्व लिहून ठेवलंय. ते म्हणतं की बीज शास्त्रात आहे आणि चर्चला ते हळूहळू उमगत गेलं. एखाद्या वचनाला पिळून त्यातून 1854 काढायला गेलात की वाद तिथेच हरलात.

दुसरं, लूक 1:47. मरीया स्वतःच देवाला ‘माझा तारणारा’ म्हणते. व्याही इथे बोट ठेवून माझ्याकडे बघतात. याचं उत्तर वर विहिरीपाशी होऊन गेलंय. म्हणा, “आमेन, आमचंही तेच म्हणणं.” पुढे बोलू नका.

तिसऱ्यावर मात्र वेळ घालवा, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. लूक 2:22 ते 24. बाळ घेऊन योसेफ आणि मरीया यरुशलेमच्या मंदिरात जातात आणि पक्ष्यांची जोडी अर्पण करतात. आता लेवीय 12 उघडा. मुलगा झाला तर आधी सात आणि मग तेहेतीस, असे चाळीस दिवस बाईने थांबायचं. मग एक कोकरू होमासाठी आणि एक पक्षी पापार्पणासाठी. कोकराची ऐपत नसेल तर दोन पक्षी, एक होमाचा, एक पापार्पणाचा. व्याह्यांनी ‘पापार्पण’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. “निष्पाप बाई पापार्पण कशाला देईल?”

मी त्यांना दोन पानं पुढे नेलं. लेवीय 14 मध्ये कोड बरं झालेला माणूसही पापार्पण देतो. पंधराव्यात स्त्राव थांबलेला पुरुषही देतो, बाईही देते. कोड होणं हे पाप नाही, मूल होणं तर नाहीच नाही. ही विधीची शुद्धी आहे, मनाच्या पापाची नाही. येशूनेही योहानाकडून पश्चात्तापाचा बाप्तिस्मा घेतलाच ना? तेव्हा हे वचन त्यांच्या कामाचं नाही, आणि आपल्या तर त्याहून नाही. पण सोडून देऊ नका. कोकराऐवजी पक्षी, म्हणजे घरात पैसा नव्हता. हे त्या दिवशी व्याह्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही लक्षात आलं, आणि त्यावर आम्ही पापापेक्षा जास्त वेळ बोललो. 25 डिसेंबरपासून मोजलं तर चाळिसावा दिवस 2 फेब्रुवारी येतो. आमच्याकडे त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित करतात, ते याच प्रसंगाचं.

चौथं वचन त्यांच्याकडचं सगळ्यात बळकट, आणि गंमत म्हणजे ते क्वचित काढतात. मार्क 3. एकविसाव्या ओळीत येशूची माणसं त्याला धरून न्यायला निघतात, कारण लोक म्हणतात त्याला वेड लागलंय. एकतिसाव्यात आई आणि भाऊ बाहेर उभे राहून त्याला बोलावतात आणि तो म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे करणारी तीच माझी आई. मग मरीया त्याला अडवायला आली होती का? अडवणं पाप की आईची काळजी? आपण म्हणू शकतो की एकविसाव्या ओळीत आईचं नाव नाही, आणि न समजणं हे पाप नव्हे. लूक 2:50 मध्ये तर सरळच लिहिलंय की मंदिरात बारा वर्षांच्या मुलाचं बोलणं आईबापांना समजलं नाही. पण चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम यांनी हाच प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानातून समजावताना मरीयेने मोठेपणा दाखवायला मुलाला बोलावलं, असं प्रवचनात म्हटलंय. हे क्रिसोस्तोम आमचे संत, 13 सप्टेंबरला त्यांचा स्मरणदिन आम्ही पाळतो. व्याह्यांना हे मीच सांगितलं. त्यांना खरं वाटेना.

आपल्या बाजूने लूक 1:28 काढा, देवदूताचं अभिवादन. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘जिच्यावर कृपा आधीच झालेली आहे’ अशा अर्थाचा आहे, आणि देवदूत तो नावासारखा वापरतो. वजन आहे त्याला. पण तेच क्रियापद इफिस 1:6 मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी आलंय, म्हणून यावर अख्खी इमारत उभी करू नका. उत्पत्ती 3:15 तर काढूच नका, निदान पुतळ्याकडे बोट दाखवून नको. बाई सापाचं डोकं पायाखाली चिरडते हे चित्र लॅटिन भाषांतरातून आलं. हिब्रूत डोकं फोडणारी ती नाही, तिची संतती आहे.

इतिहासात आपल्या घरातली भांडी आधी वाजवा

कॅथलिकांना वाटतं हे पहिल्यापासून सगळे मानत आले. प्रोटेस्टंटांना वाटतं पोपने 1854 मध्ये एका सकाळी काढलं. दोन्ही साफ खोटं.

दुसरं खोडायला पणजीला जायचं. चौकाच्या वर, नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं ते चर्च सगळ्यांनी सिनेमात तरी पाहिलंय. ते निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेचंच आहे, फेस्त 8 डिसेंबरला. आज दिसतं ते चर्च 1619 चं, म्हणजे पोपच्या घोषणेआधी सव्वादोनशे वर्षं. 1646 मध्ये पोर्तुगालचा राजा चौथा जॉन याने आपलं राज्यच निष्कलंक मातेला वाहिलं, आणि तेव्हा वसई त्याच राज्यात होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली 1739 मध्ये. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या कानावर ही भक्ती तत्त्व म्हणून जाहीर व्हायच्या कितीतरी आधी पडली होती.

पण पहिलं खोडायला आपलेच संत पुरतात. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या ल्योंच्या धर्मगुरूंनी हा सण सुरू केला तेव्हा संत बर्नार्ड यांनी त्यांना खरमरीत पत्र लिहिलं. मरियामातेचा एवढा भक्त त्या काळात दुसरा नव्हता. त्यांचं म्हणणं, तिला असल्या नव्या मानाची गरज नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी मांडलं की मरीयेला जन्माआधी पवित्र केलं गेलं, पण गर्भधारणेच्या क्षणी नाही, कारण मूळपाप लागलंच नसतं तर तिला ख्रिस्ताची गरज काय उरली? वाचताना दचकायला होतं, कारण हा आक्षेप शब्दशः व्याह्यांचा आहे. त्यांना सांगा, “दादा, तुम्ही थॉमस अक्विनास यांच्या बाकावर बसलाय.” ते खूश होतात आणि चहा मागवतात.

अक्विनास डॉमिनिकन. त्यांना उत्तर दिलं फ्रान्सिस्कन डन्स स्कॉटस यांनी, ते 1308 मध्ये वारले. सगळ्यात परिपूर्ण तारणारा तोच, जो निदान एका माणसाला तरी पडण्याआधीच वाचवतो, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे मरीया निष्कलंक असण्याने ख्रिस्त लहान होत नाही, उलट मोठा होतो. कॅथलिक बाजूचा हाच खरा कणा आहे आणि पोरांनी दुसरं काही नाही तर एवढं तरी पाठ करावं. यापुढे दोन संन्यासी घराणी शेकडो वर्षं एकमेकांना पाखंडी म्हणत राहिली. शेवटी 1483 मध्ये पोप चौथे सिक्स्टस यांना, जे स्वतः फ्रान्सिस्कन होते, फर्मान काढावं लागलं की या मुद्द्यावर कोणीही कोणाला पाखंडी म्हणायचं नाही. 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने मूळपापाचा ठराव केला आणि त्यात एवढंच जोडलं की मरीयेला यात धरायचा आमचा हेतू नाही. गाठ तिथेही पूर्ण सोडवली नाही.

ल्यूथरबद्दल जपून. 1521 मध्ये त्याने मरीयेच्या स्तोत्रावर जे भाष्य लिहिलं त्यात तिच्याबद्दल मोठा आदर आहे. 1527 च्या एका प्रवचनात तो निष्कलंक गर्भसंभवाच्या फार जवळ जातो. पुढे त्याचं मत काय राहिलं यावर त्याच्याच मंडळींचे विद्वान भांडतात. ‘तुमचा ल्यूथरसुद्धा मानायचा’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते टेबलावर आणू नका. प्रोटेस्टंट माणूस ल्यूथरला पोप मानत नाही. तो मानायचा म्हणून आपणही मानावं, असं त्याच्या डोक्यात येतच नाही.

आणि लूर्दही, म्हणजे फ्रान्समधलं मरियामातेच्या दर्शनाचं ठिकाण, मधे आणू नका. माझ्या पिढीच्या बायका पहिल्या झटक्यात लूर्दवर जातात: 1858 मध्ये मरियामातेने बर्नादेतला स्वतः सांगितलं की मी निष्कलंक गर्भसंभव आहे, मग अजून काय पुरावा हवा? आपल्या श्रद्धेला तो आधार आहे, मी स्वतः लूर्दचं पाणी घरात ठेवते. पण अशी दर्शनं मानलीच पाहिजेत असं आपलं चर्च आपल्यालाही सांगत नाही. मग ती व्याह्यांच्या गळ्यात कशी बांधणार?

मग खऱ्या गाठीपाशी या

इथवर आलात तर लक्षात येईल की मरीयेबद्दल तुमच्यातलं अंतर वाटलं होतं तेवढं नाही. तिची पवित्रता कृपेची आहे, ती ख्रिस्तामुळे आहे, ती त्याच्याकडे बोट दाखवते, यावर आमचे व्याही आता मान हलवतात. अडतात ते पुढे. “विहीणबाई, समजा हे खरं असेलही. पण न मानणाऱ्याचं काय?”

हा प्रश्न टाळू नका. नववे पायस यांच्या फर्मानात अगदी कडक ओळ आहे: जो मुद्दाम याउलट मत धरेल त्याचं विश्वासाचं जहाज फुटलं असं समजा. तोवर कॅथलिकाला एकीकडे बर्नार्ड आणि दुसरीकडे स्कॉटस, दोघांनाही धरून ठेवता येत होतं. त्या दिवसानंतर नाही. घोषणेआधी पोपने 1849 मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून मत विचारलं होतं, सहाशेहून जास्त उत्तरं आली आणि बहुतेकांचा होकार होता. थोड्या बिशपांना मात्र हे जाहीर करायची वेळ ही नव्हे असं वाटत होतं. पोपच्या अचूकतेचं तत्त्व तर आणखी सोळा वर्षांनी, 1870 मध्ये ठरलं. हा क्रम माहीत असू द्या, कारण व्याही नेमका तोच उलटा सांगतील.

म्हणून खरा प्रश्न असा: शास्त्रात उघड नसलेली गोष्ट ‘मानलीच पाहिजे’ असं म्हणायचा अधिकार चर्चला आहे का? मी हो म्हणते. चर्चनेच कोणती पुस्तकं शास्त्रात धरायची ते ठरवलं, आणि पवित्र आत्मा त्या दिवशी कामाला होता तसा नंतरही असणार. व्याही नाही म्हणतात: शास्त्र चर्चने बनवलं नाही, फक्त ओळखलं, आणि ओळखणारा मालक होत नाही. माझ्या मते या वादात त्यांनी टाकलेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे. 2005 मध्ये कॅथलिक आणि अँग्लिकन यांच्या संयुक्त आयोगाने मरीयेवर निवेदन काढलं तेही इथेच येऊन थांबलं. मरीयेबद्दलची ही शिकवण शास्त्राशी सुसंगत म्हणता येईल इथवर दोघं आले, पण ती सगळ्यांवर बंधनकारक कशी, हा अँग्लिकनांचा प्रश्न उरला.

वाद फारच दोन टोकांवर तुटायला लागला तर पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या मंडळींना मधे आणा. ते मरीयेला ‘सर्वपवित्र’ म्हणतात, तिची स्तोत्रं आपल्यापेक्षा लांबलचक गातात, आणि 1854 चं तत्त्व मात्र नाकारतात, कारण आदामाचं पाप दोष म्हणून वारशाने येतं हीच मांडणी त्यांना मान्य नाही. हे ऐकल्यावर व्याही पाच मिनिटं गप्प होते. मीही होते, कारण मला आवडणारी भक्ती आणि न पटणारा नकार एकाच घरात राहतात हे मलाही नीट पचलेलं नाही.

घरात काय करायचं

तत्त्वं मिटत नाहीत, पण रात्रीची प्रार्थना रोज येते. आमच्या लेकीच्या घरी ठरलंय ते असं. लूक 1:46 ते 55, मरीयेचं स्तोत्र, सगळे मिळून वाचतात. त्यात कोणाचंच काही अडत नाही. ‘नमो मरिया’ची पहिली अर्धी बाजू देवदूताचे आणि अलीशिबेचे शब्द आहेत, जावईबापू ती म्हणतात. ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ हा भाग लेक एकटी म्हणते आणि ते डोळे मिटून बसतात. कोणी खोकत नाही, कोणी आवाज चढवत नाही. सुरुवातीला अवघड जातं, मग सवय होते.

नाताळच्या ताटावर हा विषय वर्ज्य ठेवा. पाहुणे असतील तेव्हाही. तिसरा माणूस आला की दोघंही त्याच्यासाठी बोलायला लागतात.

बाप्तिस्म्याचं लग्नाआधीच बोलून घ्या, बारशापर्यंत थांबवू नका. कॅथलिक बाजूच्या मुलीला किंवा मुलाला मिश्र लग्नाची परवानगी मिळताना वचन द्यावं लागतं की मुलांना कॅथलिक विश्वासात वाढवण्यासाठी माझ्या हातून होईल ते सगळं करीन. हे दुसऱ्या बाजूला सांगितलंच पाहिजे, चर्चचाच तसा नियम आहे. लपवलं तर पुढे मरियामातेवरून जे भांडण होतं ते मुळात मरियामातेचं नसतंच. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा आपलं चर्चही धरतं, दुसऱ्यांदा करत नाही. सासरच्यांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं त्यांच्या मुलाला आपण अर्धाच ख्रिस्ती समजतो.

नातवंडं विचारतीलच. माझ्या नातीने विचारलं, “मरियामातेने कधीच खोटं नाही बोललं? एकदापण नाही?” मी सांगितलं, आजी मानते की नाही, कारण देवाने तिला सांभाळलं. आजोबा मानतात की तीही आपल्यासारखी चुकली असेल आणि देवाने तिला माफ केलं. दोघांचंही म्हणणं आहे की काम देवाचं. मुलांना दोन्ही उत्तरं नाव घेऊन सांगा, कोणाचं कोणतं ते लपवू नका. नातीने मग आजोबांना जाऊन विचारलं की तुम्ही कधी खोटं बोललात, आणि तो वाद अजून चालू आहे.